श्री. स्प्राग यांच्या रवानगीबाबत

विषय : विनोदी नट श्री. स्प्राग (मयत) यांचे पार्थिव सौदी अरेबियातील धाहरानहून इंग्लंडला पाठवणेबाबत.
संदर्भ : माझा दिनांक २१ जानेवारी १९९१ चा अर्ज.

वरील विषयाबाबत खुलासा असा की, पेटिफर आणि स्प्राग ही जोडी एके काळी म्हणे इंग्लंडातल्या नाचगाण्यांच्या थिएटरांत आणि रेडिओवर गाजली होती. आमच्या कंपनीने ती युद्धाच्या तोंडावर मागवली, भाजी संपल्यावर देठं मागवावीत तशी. उंच पेटिफर विचारायचा, बुटका स्प्राग उत्तर द्यायचा.

"मी मेलोय."

"मग बोलतोस कसा?"

"सवय आहे."

यावर गोरे इंजिनिअर टेबलं बडवत. एवढ्या भांडवलावर दोघांनी चाळीस वर्षं काढली होती.

व्हिसाचं काम माझ्याकडे. दोन फॉर्म भरायचा कंटाळा आला, म्हणून मी दोघांना एकाच फॉर्मवर आणलं. वीस तारखेला इराकी क्षेपणास्त्राचा सायरन वाजला. गॅसचा मास्क चढवता चढवता स्प्रागचं हृदय बंद पडलं. शवागारात ओळख मीच पटवली. मग माझा आळस अंगाशी आला. पासपोर्ट कचेरीतला अधिकारी म्हणाला, "एका कागदावर दोघे आले, एका कागदावर दोघे जातील. खलास." स्प्रागचं नाव कमी करायला मृत्यूचा दाखला हवा, आणि त्याला महिना लागणार होता. कंपनीचं विमान चोवीसला सुटत होतं, त्यानंतरचं कधी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पेटिफर त्र्याहत्तर वर्षांचा, आणि त्याच्या हृदयाच्या गोळ्या चार दिवसांपुरत्या उरलेल्या.

तेवीसला दुपारी मी गेस्ट हाउसवर गेलो, तुझं जाणं होत नाही एवढं सांगायला. देश सोडायच्या परवानगीचा फॉर्म आपला रिवाज म्हणून बरोबर घेतला. त्यावर सह्यांच्या दोन जागा होत्या.

गॅसच्या धास्तीने खिडक्यांना प्लॅस्टिक आणि तपकिरी टेप लावलेली. भर दुपारी व्हरांड्यात पिवळट काळोख. दारांच्या फटींत ओले टॉवेल, त्यांचा कुबट वास. पेटिफरच्या खोलीतून बोलणं ऐकू येत होतं. एक आवाज, थांबणं, दुसरा आवाज. एकटाच दोघांचं म्हणत असेल, म्हातारा निर्लज्ज आहे, असं म्हणून मी दार वाजवलं.

त्याने उघडलं. तोंडावर रबरी मास्क होता. मान मागे वळवून त्याने मास्कमधूनच विचारलं, "मग बोलतोस कसा?" तोंडात बोळा कोंबल्यासारखा आवाज.

"सवय आहे..." आतून आलं. स्वच्छ. मास्कशिवाय.

आणि फिनेलचा गार वास आला. शवागारातला.

"सही... सही हवी होती," मी म्हणालो.

त्याने फॉर्म घेतला, दार लोटलं. थोड्या वेळाने फटीतून कागद बाहेर आला. दोन सह्या होत्या. दुसरी मी पडताळली नाही, शिक्का मारून फॉर्म पाठवला. कचेरीला दोन सह्या हव्या होत्या, दोन मिळाल्या. त्यापलीकडे बघण्याची त्या कचेरीची लायकी नव्हती, माझीही नाही.

चोवीसला आमचा ड्रायव्हर शारीक, मूळचा श्रीवर्धनचा, विमानतळावरून परतला आणि माझ्या टेबलाशी उभा राहिला.

"जलालभाई, तुम्ही तर सांगितलंत एक मेला."

"मेलाच आहे."

"मग मी दोघांना सोडून आलो ते?" तो हळूच म्हणाला. "मास्क लावून मागे बसलेले. बुटका वाटभर हसत होता..."

"नीट बघितलंस?"

"आरशात बघितलं. मग आरसा फिरवून ठेवला. तुम्ही काय केलं असतंत?"

मी शवागाराला फोन लावला. प्रेत जागेवर होतं.

एप्रिलमध्ये माझ्या अर्जाला उत्तर आलं : सदर इसम २४ जानेवारीस स्वतःच्या पायांनी देशाबाहेर गेल्याची नोंद आहे, सबब पार्थिवास परवानगी देता येत नाही. मी स्मरणपत्रं धाडली. उत्तर दर वेळी तेच, फक्त सही करणारा बदलायचा.

१९९६ साली इंग्लंडातल्या एका वृद्धाश्रमाचं पत्र आलं. पेटिफर वारले, असं मेट्रनबाईंनी कळवलं होतं. पुढे विचारलं होतं की त्यांच्या खोलीतल्या दुसऱ्या गृहस्थांचं काय करायचं. त्यांची कागदपत्रं आश्रमात कुठेच नाहीत, ती आपल्याकडे अडकली आहेत असं ते स्वतःच सांगतात.

ते पत्र मी फाइलला जोडून पुढील कार्यवाहीसाठी वर पाठवलं. २००३ मध्ये निवृत्त झालो. प्रेत अजून धाहरानच्या शवागारातच आहे, असं शारीक कळवतो. अर्ज प्रलंबित आहे.