चौतीस जादा पायऱ्या

श्रीपाद हळबे दर शनिवारी दहाच्या एसटीने कोल्हापूरहून इचलकरंजीला यायचे आणि मुबारक मुल्लांना आवाज देऊन जायचे. एकेकाळी मुबारकच्या निवेदनावर कुस्तीची मैदानं डोलायची. घशाच्या ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र गेलं, तेव्हा साखर कारखान्याच्या संगणक विभागातून निवृत्त झालेल्या हळब्यांनी या बालमित्रासाठी ‘पडसाद’ लिहिलं. गळ्यावर चिकटवलेली पट्टी स्नायूंची हालचाल टिपायची, पडसाद त्यातून शब्द ओळखायचं आणि जुन्या मैदानांच्या रेकॉर्डिंगवरून घडवलेल्या मुबारकच्याच आवाजात ते बोलायचं.

पडसादला ना चित्रं होती, ना बटणं. ते आज्ञाओळीचं साधन होतं; म्हणजे काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टाइप करून ते बसवायचं आणि चालवायचं. संगणकाने स्वतःला अद्ययावत केलं, की पडसाद ज्या दहा-बारा प्रोग्रॅमांच्या जिवावर चालायचं त्यांतला एखादा बदलायचा आणि मुबारक मुका व्हायचा. मग शनिवारपर्यंत थांबणं आलं. हळबे आपला कागद उलगडून एकेचाळीस पायऱ्या शिस्तीत पार पाडायचे. अठराव्या पायरीला वीस मिनिटं थांबावं लागे, सव्विसाव्या पायरीला अर्धा तास. तेवढ्यात चहा व्हायचा, बुद्धिबळाचा एक डाव व्हायचा. हळब्यांची बायको जाऊन चार वर्षं झाली होती आणि त्यांच्या फ्लॅटची बेल आता फक्त दूधवाला वाजवायचा.

त्या शनिवारी मुबारकनेच दार उघडलं. “ये श्रीपा, बस,” पट्टीतून खणखणीत आवाज आला.

हळबे उंबऱ्यातच थबकले. मंगळवारीच संगणक अद्ययावत झाला होता, हे त्यांना ठाऊक होतं.

“काका, सुगम घेतलं आम्ही,” मुबारकची सून नाझनीन म्हणाली. ती यंत्रमागांसाठी प्रोग्रॅम लिहायची. “नुसतं ‘बसव पडसाद’ एवढंच टाइप केलं. चार सेकंदांत झालं.”

सुगमचा बराच बोलबाला होता. ते कुठलंही साधन आधी मुळापासून वाचून काढायचं, त्याला काय काय लागतं ते स्वतःच गोळा करायचं, नको ते गाळायचं आणि शेवटी काय केलं ते साध्या मराठीत सांगायचं. हळब्यांना आनंद व्हायला हवा होता. झालाही, थोडासा. पण पडद्याकडे नजर गेली आणि ते वाचू लागले.

‘पडसाद बसवलं. एकेचाळीसपैकी सात पायऱ्या गरजेच्या आहेत. उरलेल्या चौतीस काहीच करत नाहीत. दोन ठिकाणी साधन विनाकारण थांबतं. हे थांबे आणि या पायऱ्या मूळ आवृत्तीत नव्हत्या. लेखकाने चार वर्षांपूर्वी त्या मुद्दाम घातल्या आहेत.’

“चार दिवस वाचतोय हे,” मुबारक म्हणाला. “खरं हाय?”

सुगमचं काहीतरी चुकलं असेल, असं म्हणता आलं असतं. समोर दुसरं कोणी असतं तर हळबे म्हणालेही असते.

“हो,” ते म्हणाले. “काम दहा मिनिटांत झालं असतं, तर लगेच बाराच्या एसटीने परत जावं लागलं असतं.”

मुबारकने रांगत आलेल्या नातीला उचलून मांडीवर घेतलं. “ही जन्मली तो बुधवार, पडसाद आदल्याच दिवशी बंद पडलेलं. हिला पहिली हाक मी मारणार होतो. शनिवारपर्यंत नुसता तोंडाकडं बघत बसलो, श्रीपा.”

“मी फोन केला होता, काका,” नाझनीन हळूच म्हणाली. “तुम्ही म्हणालात, किचकट काम आहे, शनिवारीच जमेल.”

हळब्यांना तो फोन आठवला. शनिवारी आपल्याकडे डोळे लावून बसलेलं एक घर आहे, या सुखात त्यांनी तो ठेवला होता. आता त्यांना स्वतःची लाज वाटली.

“चुकलो, मुबारक. माझे शनिवार भरावेत म्हणून मी तुझा आवाज अडवून ठेवला. माफ कर म्हणायलाही तोंड नाही.” त्यांनी पिशवी उचलली आणि ते दाराकडे वळले. तिथे पाय अडखळले. गेल्या चार वर्षांत या घरात ते कामाशिवाय एकदाही आले नव्हते. “पुढच्या शनिवारी, काही काम नसताना, आलो तर चालेल?”

पट्टी गप्प होती. आज ती बिघडलेली नव्हती. बोलायचं की नाही, ते मुबारक ठरवत होता. पोरगी त्याच्या शर्टाचं बटण ओढत होती. हळबे वाट बघत उभे राहिले. अर्ध्या तासाच्या त्या पायरीलाही एवढा वेळ लागला नव्हता, असं त्यांना वाटलं.

“राग असा सहजासहजी जाणार न्हाई, सांगून ठेवतो,” शेवटी मुबारक म्हणाला. “तो घालवायला तुला येत ऱ्हावं लागंल. पर शनिवारच का लेका? सगळं चार सेकंदांत हुतंय आता, मग तू आठ दिवस कशापायी थांबायलायस?”