दोराला दोन हिसके

हे मी कुणाला पटवायला लिहीत नाहीये. पटवत बसायचं त्राण आता माझ्यात नाही.

पण घडलं ते असंच घडलं. पदरचा एक शब्द घातलेला नाही.

भुतांच्या गोष्टींना लोकांना मध्यरात्र लागते. माझ्या वेळी रणरणतं ऊन होतं. मंगळवार. दुपारचे सव्वाबारा. आणि माझ्या हातात गुहेचं तिकीट होतं.

मी इस्पितळात एक्स-रे काढते. एकवीस वर्षं झाली. रोज माणसांच्या आतलं बघते, भूत काही कुणाच्या आत सापडलं नाही. त्यामुळे असल्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी हसायचे.

आता हसत नाही.

माझी ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. शाळेचे गणवेश शिवते. भावोजी गेल्यापासून आम्ही दोघीच राहतो.

भावोजी रत्नांच्या खाणीत कामाला होते. घरापासून अठरा तासांवर. खाण म्हटलं की मोठमोठी यंत्रं डोळ्यासमोर येतात, तसं काही नाही. विहिरीसारखा अरुंद खड्डा. वर लाकडी रहाट. रहाटाच्या दोराला धरून एक माणूस खाली उतरणार, खालची रेती बादलीत भरून वर पाठवणार. वर ती रेती धुवायची. नशीब जोरावर असेल तर त्यात एखादा निळा खडा. नसेल तर नुसती रेती.

नऊ वर्षांपूर्वी त्या खड्ड्याची भिंत आत कोसळली. भावोजी खाली होते.

त्यांना वर काढता आलं नाही. खाणमालकाचं चार ओळींचं पत्र आलं. पुढे तो खड्डाच बुजवून टाकला.

ताई तिकडे कधी गेली नाही. "गेले तर खरं होईल गं," म्हणायची. जिन्यात चपला वाजल्या की तिचं शिवणयंत्र थांबायचं. पावलं पुढे निघून गेली की पुन्हा सुरू व्हायचं. नऊ वर्षं मी ते ऐकत होते.

यंदा निरोप आला. भावोजींचे जोडीदार होते, रहाटावर काम करणारे. सगळे त्यांना मामा म्हणत. म्हातारे झाले होते, आता लेकीकडे कायमचे राहायला जाणार होते. निरोप एवढाच... 'मी इथे आहे तोवर वहिनींनी एकदा येऊन जावं.'

तिसऱ्या दिवशी ताई म्हणाली, "रजा टाक. गुडघे चालतायत तोवर जाऊन येऊ."

अठरा तासांच्या बसने दोघींचा पार भुगा झाला. उतरलो तेव्हा ताईचे पाय इतके सुजले होते की चपलेचा पट्टा लागेना.

शहर लहानच होतं. एका रस्त्यावर दोन्ही कडेला माणसं उभी, हातात कागदाच्या पुड्या. पुडी उलगडायची, खडा चिमटीत धरायचा, उन्हाकडे करून एक डोळा मिटायचा. जो तो आकाशाकडे बघतोय. जमिनीकडे कुणी बघत नव्हतं.

एकाने ताईसमोर निळा खडा धरला. "बघा, आत कसं पाणी आहे!"

ताईने विचारलं, "हा किती खोल असतो हो?"

तो हसला. "बाई, लोक भाव विचारतात. खोली पहिल्यांदाच कुणी विचारली."

मामा चारनंतर मोकळे होणार होते. तोवर करायचं काय? आमचा टॅक्सीवाला बोलघेवडा. "मावशी, इथवर येऊन धबधबा आणि गुहा बघितली नाही तर पाप लागेल. पाप मला लागेल, कारण मी नेलं नाही."

दोघींना नुसतं आडवं व्हायचं होतं. पण खोलीत पंखा चालत नव्हता. निघालो.

धबधबा उंच होता. खाली उभं राहिलं की बोललेलं ऐकू येत नव्हतं, इतका गर्जत होता. टॅक्सीवाला ओरडून ओरडून काहीतरी सांगत होता. अंगावर तुषार येत होते. जरा बरं वाटलं. मी डोळे मिटले.

आणि...

आवाज गेला.

मी डोळे उघडले. पाणी पडतच होतं. पांढरं, धो धो. पण आवाज नव्हता. टॅक्सीवाल्याचे ओठ हलत होते. ताई रुमालाने तोंड पुसत होती.

त्या शांततेत अगदी जवळून... माणसाचा श्वास ऐकू आला. एकच. लांब. दमलेल्या माणसाचा.

मग गर्जना परत आली.

"कान दुखतोय का?" ताईने ओरडून विचारलं. माझा हात कानावर होता.

"प्रवासाने दडे बसलेत," मी म्हटलं. मला स्वतःलाही तेच वाटलं. खरंच वाटलं.

तिथून गुहा. डोंगराच्या पोटात खाली उतरत जाणाऱ्या ओल्या पायऱ्या. ताईने पायऱ्या बघितल्या आणि बाकावर बसकण मारली. "तू ये जाऊन. तिकीट फुकट घालवू नकोस."

कडेला आधाराला जाड दोर होता, लोखंडी खुंट्यांना बांधलेला. माझ्यापुढे सात-आठ जणांचा घोळका होता. त्यांची हसणी-खिदळणी ऐकत मी मागून सावकाश उतरत होते. छतावरून पाणी ठिबकत होतं. टप... टप... टप...

खाली एक चौथरा होता. तिथून घोळका दुसऱ्या वाटेने वर गेला. आवाज लांब लांब गेले.

मी एकटी. हात दोरावर.

टप... टप...

आणि पुढचा थेंब पडलाच नाही.

मी थांबले. का कोण जाणे, श्वासही रोखला.

दोराला हिसका बसला.

एक. मग आणखी एक.

खालच्या बाजूने.

कुणीतरी मस्करी करतंय असं वाटून मी हाक मारली. "कोण आहे?"

दोर कुठे जातो ते मी बघितलं. चौथऱ्यावरच्या कडीला त्याचं टोक घट्ट बांधलेलं होतं. तिथेच संपत होता. पुढे नुसता खडक.

पुन्हा... एक. आणि एक.

जोराचे नव्हते. घाईचे तर नव्हतेच. हात भरून आलेला माणूस, आता ओढवत नाही तरी ओढतो, तसे.

मी दोर सोडला.

दोराला हात न लावता, भिंतीला धरत, गुडघे खरचटून घेत वर आले. शेवटच्या पायरीवर मागे थेंबांचा आवाज पुन्हा सुरू झाला.

ताई बाकावर चपला काढून बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं. आत काहीतरी असणार याची खात्री असल्यासारखं.

"काही जाणवलं का गं तुला? मला सकाळपासून वाटतंय, इथे आल्यावर काहीतरी जाणवेल. पण काहीच होत नाहीये."

तिचे डोळे बघवेनात. नऊ वर्षं जी वाट बघत होती, तिला काही नाही.

"काही नाही ताई," मी म्हटलं. "पाणी ठिबकतं नुसतं."

चार वाजता मामा खाणीच्या जागेवर भेटले. वाळकं शरीर, पाठीत वाकलेले. ताईला बघून हात जोडले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

जागा म्हणजे माळ होता. बुजवलेला खड्डा खचून बशीसारखा झालेला. त्यात गुडघाभर गवत. ताई हळूहळू त्याच्या कडेने चालायला लागली. आम्ही तिला एकटीला जाऊ दिलं.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मामा, खालचा माणूस वरच्याला कसं कळवायचा? हाक ऐकू यायची का?"

"हाक कसली? पाणी उपसायचा पंप धडधडत असायचा. दोरावरच सगळं." त्यांनी हवेत मूठ धरली. "खालून दोन हिसके म्हणजे मला वर घे. वरून एक हिसका म्हणजे कळलं, ओढतो."

मी गवतातच बसले.

मामा माझ्याकडे बघत राहिले. मग तेही बसले.

"कुठे?" त्यांनी हळूच विचारलं.

"गुहेत. दुपारी."

त्यांनी मान हलवली. आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही. दमल्यासारखे दिसले.

"भिंत कोसळली तेव्हा दोर माझ्या हातात होता," ते म्हणाले. "अर्धा मातीत गाडलेला. मला वाटलं संपलं. तेवढ्यात हिसके आले. दोन. परत दोन. मी ओरडलो, जिवंत आहे म्हणून. माणसं जमली. पण मुकादम कुणाला उतरू देईना. दुसरी भिंत हलत होती. त्याचंही चुकलं म्हणता येत नाही. आधी हिसके भराभर येत होते. मग सावकाश. दिवस मावळेपर्यंत येत होते."

"आणि तुम्ही? तुम्ही उलट हिसका दिलात?"

मामा गवताची एक काडी तोडत राहिले.

"नाही दिला. कळलं म्हणून सांगितलं की ओढावं लागतं, बाई. ओढणार कोण होतं? दोर मातीत रुतलेला, खाली कुणाला उतरू देत नव्हते. मरणाऱ्या माणसाला खोटं कसं सांगू?"

मग म्हणाले, "तेव्हापासून मला घरात हिसके येतात. कपडे वाळत घालायच्या दोरीवर. म्हणून मी कपडे खुर्चीवर वाळवतो. लेक म्हणते, म्हातारा चळला."

ते हसले. मला हसू आलं नाही.

"वहिनींना यातलं काही सांगू नका."

ताई परत आली तेव्हा तिचा चेहरा निवळला होता. "शांत आहे हो इथे. मला उगाच भीती वाटत होती." मग थांबून म्हणाली, "मामा, खरं सांगा. त्रास झाला असेल का त्यांना?"

मामांनी वर बघितलं. ज्या माणसाने दोरावर खोटं सांगितलं नव्हतं, त्याने तोंडाने सांगितलं.

"लगेच, वहिनी. काही कळलंसुद्धा नसेल."

परतीच्या बसमध्ये ताई माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. इतकी गाढ की थांबे आले-गेले, तिला पत्ता नाही. नऊ वर्षांत मी तिला असं झोपलेलं बघितलं नव्हतं. माझा खांदा बधिर झाला, तरी हलवला नाही.

घरी आलो. जिन्यात चपला वाजल्या तरी तिचं यंत्र थांबेना झालं. मला वाटलं, चला, सुटलो.

महिन्याभराने मामांचा फोन आला. लेकीकडून बोलत होते.

"तुम्ही येऊन गेल्यापासून दोरी गप्प आहे," ते म्हणाले. "नऊ वर्षांत पहिल्यांदा. काल मी कपडे दोरीवर वाळत घातले." "तुमच्याकडे तर...?"

"नाही मामा. आमच्याकडे काही नाही," मी म्हटलं.

तेव्हा खरंच काही नव्हतं.

त्यानंतरचा रविवार. सकाळचे दहा. मी मागच्या गॅलरीच्या दारात चहा घेऊन उभी होते. ताई कपडे वाळत घालत होती. काहीतरी गुणगुणत होती.

गुणगुणणं मध्येच थांबलं.

"अगं, बघ ना. वारा नाही, काही नाही... तरी दोरी हलतेय."

मी बघितलं.

एक. आणि एक.

मला ओरडायचं होतं. हात लावू नकोस म्हणायचं होतं. पण ताईचा हात आधीच दोरीकडे गेला होता.

"ढिली झालीय वाटतं," ताई म्हणाली. आणि ताणून बघायला तिने दोरी मुठीत धरून...

एक हिसका दिला.

एकच.

दोरी हलायची थांबली.

ताईने उरलेले कपडे वाळत घातले, रिकामी बादली उचलली आणि आत निघून गेली. तिला काहीच जाणवलं नव्हतं.

या गोष्टीला आज अकरा दिवस झाले. हिसके पुन्हा आले नाहीत. मी ताईला काही सांगितलेलं नाही. सांगू तरी काय? की तू 'कळलं, ओढतो' म्हणून बसलीस?

कपडे मी संध्याकाळीच काढून घेते. दोरी रिकामी असते.

तरी ती मधोमध खाली झुकलेली दिसते. रोज थोडी जास्त. काहीतरी जड टांगल्यासारखी.

काल ताई म्हणाली, "दोरी जुनी झाली गं. वजन पेलवत नाही तिला. उद्या नवी आणू."

मी हो म्हटलं. पण जुनी सोडायची कुणी... ते मला सुचत नाहीये.