मागच्या खोलीतला स्पीकर

भूत समोर आलं तर त्यालाच पळवून लावीन, असं नकल्या छातीठोकपणे सांगायचा, आणि ऐकणारा वचकला, की स्वतःच पुढं जोडायचा, "फक्त दिवा चालू पाहिजे, आणि बायको पुढं पाहिजे."

नकल्या हे त्याला शेजाऱ्यांनी दिलेलं नाव. म्हातारा लहानपणी शाळेत फार टिकला नाही, पण मास्तरांचं खाकरणं तेवढं घशात घेऊन बाहेर पडला. पुढं त्यानं पोस्टमन सोडला नाही, डॉक्टर सोडला नाही, आणि मेहुणीला तर मुळीच सोडलं नाही. ही बायकोची थोरली बहीण, अक्का, मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. "धाकटे..." अशी तिची हाक आली की बायको पाणी घेऊन धावायची. ती परतून टेकते न टेकते तोच नकल्या तीच हाक हुबेहूब मारायचा. बिचारीला दुसरी खेप. त्यानं स्वतः मात्र त्या खोलीत कधी पाऊल टाकलं नाही. आजारपणाची नक्कल करता येते, सोबत करता येत नाही, त्यातली गत.

अक्का गेली आणि घर असं मुकं झालं, की नळ ठिबकला तरी छातीत धस्स व्हायचं. बायको त्या दाराकडे पाठ करून बसायची. हे घर मला खायला उठतं, मी भाचीकडे राहायला जाते, असं ती म्हणायला लागली, तेव्हा मात्र म्हाताऱ्याचं धाबं दणाणलं. ही गेल्यावर नकला काय भिंतींना ऐकवायच्या? त्यानं छतात स्पीकर बसवायचं ठरवलं. खोलीखोलीत गाणी वाजतील, घर बोलतं होईल, मग ही कशाला जातेय.

फिटर दोन तऱ्हेचे स्पीकर घेऊन आला. एक ताटाएवढा, दणदणीत. दुसरा बशीएवढा, पण गाणारीनं श्वास घेतलेलासुद्धा त्यात ऐकू यायचा. नकल्यानं बशी निवडली. बायको एवढंच म्हणाली, की मागच्या खोलीत नको. त्यानं मान डोलावली, आणि तिची पाठ वळताच फिटरला डोळा मारून तिथंही एक बसवायला सांगितलं. डोक्यात किडा वळवळत होता. भीतीची एकदा फजिती केली की भीती पळते, हे त्याचं शास्त्र. त्यानं मोबाइलमध्ये अक्काच्या आवाजात बोलून ठेवलं, "धाकटे, पाणी दे गं." ही दचकेल, मग हसेल. हसली की राहील.

भर दुपार होती. फिटर वायर ओढायला पोटमाळ्यावर चढला. नकल्याला दम कुठला. दिवाणखान्यात बसल्या बसल्या त्यानं मोबाइलवरचं बटण दाबलं.

क्षणभर काहीच नाही. मग मागच्या खोलीतून, वरून, अगदी हलकेच...

"धाकटे... झोपलीस का गं?... पाणी..."

मागोमाग घशात अडकलेला, घरघरता श्वास. नकल्या मनातल्या मनात नाचला. काय वस्तू निवडलीय! आपण असंच बोललो होतो का, ते त्याला नीट आठवेना. आणि अक्का चोळायची त्या बामाचा वास कुठून येतोय, तेही कळेना.

बायको स्वयंपाकघरातून आली. हातात भरलेला पेला. दचकली नाही, हसली नाही. त्याच्यासमोरून सरळ गेली, मागचं दार ढकललं आणि आत शिरली. आत कुजबुज झाल्यासारखी वाटली. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली, तेव्हा पेला रिकामा होता.

"अगं वेडे, तो मीच..." नकल्या टाळी वाजवायला हात उचलतोय, तोच फिटर शिडीवरून उतरला. केसांत जळमटं, काखेत बशीएवढा स्पीकर.

"काका, इतक्यात काही वाजवू नका हं," तो म्हणाला. "मागच्या खोलीतला हा अजून बसवायचाय."

उचललेले हात तसेच राहिले. नकल्यानं बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा कित्येक महिन्यांत इतका निवांत दिसला नव्हता.

"पाणी... सांडलंस ना गं?" त्यानं हळूच विचारलं.

तिनं पेला त्याच्या हातात ठेवला.

"मी उद्या भाचीकडे जातेय. अक्काला विचारलं. म्हणाली, खुशाल जा. तुझ्या नवऱ्याला माझी हाक छान जमते, आता पाणीही तेच आणून देतील... द्याल ना?"