वरून ओतलेलं पाणी

"वहिनी, पाणी मिळेल का?"

असं कुणी म्हटलं की माझं डोकंच फिरायचं.

"वहिनी घरी आहेत," मी म्हटलं. "मी नणंद. आणि पाणी इथे सगळ्यांनाच मिळतं."

त्र्याण्णवचा चैत्र, यावलचं ऊन, आणि दादाच्या केळीच्या मळ्यात शेडखाली बसलेली मी. समोर एक सावळा, उंच माणूस. खांद्यावर भलामोठा व्हिडिओ कॅमेरा. मी पितळी पेला भरून दिला. तो सावकाश प्यायला, पेला विसळून उपडा ठेवला, आणि माझ्या मनगटाकडे बघत राहिला. तिथे विंचू आहे, लहानपणी जत्रेत गोंदवून घेतलेला.

"चावतो का हा?"

"जवळ आलं तर," मी म्हटलं आणि माझं मलाच नवल वाटलं. मला अजून असं बोलता येतं तर...

नवऱ्याने सोडल्यापासून दोन वर्षं मी तोतारामदादाकडे होते. घरात नऊ माणसं, पण बोलणं कामापुरतं. कुंदा मीठ आण, कुंदा मळ्यात जा. कधी दिवस मावळताना लक्षात यायचं, आज आपण आपलं असं एक वाक्यही बोललो नाही. रडू यायचं, पण त्यालाही घरात जागा लागते.

त्याचं नाव अभिमन. धुळ्याची एक संस्था दहा-दहा मिनिटांचे माहितीपट काढायची, त्यांच्यासाठी तो चित्रीकरण करायचा. मजुरांचं जगणं मळेवाल्यांना दाखवायचं, मळेवाल्यांचं मजुरांना. माणसं एकमेकांना नीट बघत नाहीत, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, मला तर माझ्या घरातलेच बघत नाहीत, तिथे लावा तुमचा कॅमेरा. यावर कुणीही हसलं असतं. तो हसला नाही, बघत राहिला. मेल्याने तिथेच घात केला.

बारा दिवस तो येत होता. घड कापणारे, घड वाहणाऱ्या बाया, सगळ्यांची चित्रं घ्यायचा आणि दुपारी शेडखाली टेकायचा. मी रोज केस नीट विंचरून मळ्यात जायला लागले. कुणी विचारलं नाही, कारण कुणाला दिसलंच नाही.

"सगळ्यांना कॅमेऱ्यातून बघता," मी एकदा म्हटलं, "मला नाही ते?"

"तुम्हाला बघायला कॅमेरा कशाला लागतो?"

त्या दिवशी स्वयंपाकात दोनदा मीठ पडलं.

महिनाभराने शाळेत माहितीपट दाखवला. भर दुपारी, खिडक्यांना घोंगड्या लावून, टीव्हीवर. दादा पहिल्या रांगेत. पडद्यावर आमची बेबाबाई आली, सातपुड्यातल्या पाड्यावरून पंचवीस वर्षं आमच्याकडे कामाला येणारी. ती उकिडवी बसली होती, ओंजळ तोंडाला लावून. वरून एक हात तांब्याने पाणी ओतत होता, लांबूनच, शिवाशीव होणार नाही असा. पाणी तिच्या हनुवटीवरून गळ्यात, गळ्यातून लुगड्यात. त्या हाताला त्याचं काहीच नव्हतं, तो भलत्याच कुणाशी गप्पा मारत होता. चेहरा दिसत नव्हता. मनगटावर विंचू होता.

अख्खी शाळा माझ्याकडे वळली.

दहा वर्षांची असल्यापासून मी तसंच ओतत आले. तिचा भिजलेला गळा मात्र त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर पडवीत मी त्याला गाठलं. म्हटलं, यासाठी माझ्याशी गोड बोलत होतात होय? त्याने ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "माझी आई शिरपूरकडे मळ्यात जायची. ती अशीच प्यायची पाणी."

मला खोटं बोलवेना.

"पहिल्या दिवशी हे सांगितलं असतंत, तर मी तुम्हालाही वरूनच ओतलं असतं."

"माहीत होतं. कुंपणापलीकडून आधी तो हातच टिपला होता मी. मग पाणी मागायला आलो... तुमचा राग धरायला आलो होतो. धरता आला नाही."

मग म्हणाला, हा माहितीपट आता बारा गावांत जाणार आहे, नको असेल तर तेवढा भाग काढून टाकतो. मी म्हटलं, काढू नका, कॅमेरा लावा.

त्याने लावला. मी सरळ त्या काचेत बघून बोलले.

"तो हात माझा. मी यावलची कुंदा. बेबाबाईने मला कडेवर खेळवलं, आणि मी तिला वरून पाणी ओतते. आजपर्यंत लाज वाटली नव्हती, आज वाटली. ज्याने हे दाखवलं, तो मला आवडतो. लोकांनी त्याच्या आईलाही असंच पाजलं. तरी आवडतो... चुकलं. 'तरी' नाही. नुसता आवडतो."

त्याने कॅमेरा खाली घेतला. "शेवटचं काढावं लागेल. तुमचे दादा..."

"माहितीपटात माझा हात ठेवलात तेव्हा मला विचारलं नव्हतंत," मी म्हटलं. "हे मी सांगून ठेवायला लावतेय. जमलं तर ठेवा."

तो कॅमेरा उचलून धुळ्याच्या गाडीत बसला.

शाळेबाहेर त्याच्याशी बोलत उभी राहिले म्हणून दादाने बोलणं टाकलं. वहिनी मीठसुद्धा स्वतःच घ्यायला लागल्या. मला एकटेपणाची सवय होती, पण हा निराळा होता. आधी मी कुणाची वाट बघत नव्हते. दीड महिना गेला. पत्र नाही, निरोप नाही. काढलं असेल त्याने ते, मी मनाशी म्हणायचे. आणि काढलं असेल तर तो येणारही नाही.

मग पाड्यावर गेलेली बेबाबाई परतली. तिकडच्या आश्रमशाळेत माहितीपट दाखवला होता. मी तिला ओढून शेजारी बसवलं. ती अवघडून, अर्धवट टेकली.

"तुमी शेवटी बोल्ल्या, ते बी दाखवलं," ती म्हणाली.

"लोकं... हसली?"

"हसली. मंग गप झाली. मंग त्या क्यामेरावाल्यानं टेप मांगं फिरवली, नि तेवढंच पुन्हा दाखवलं."

"लोकांनी सांगितलं म्हणून?"

बेबाबाईने मान हलवली.

"कोनीच नव्हतं सांगितलं."