डावीकडची जाळी

मानसिंग जाधवच्या हातून गाडी गेली आणि दोष सापडला नाही, असं बनशंकरीत अजून कुणाला म्हणता आलेलं नव्हतं. तीस वर्षं तो गाड्यांच्या वायरिंगचं काम करत होता. देवीच्या देवळामागच्या गल्लीत दुकान, त्यामुळे दर मंगळवारी लिंबाच्या सालीत लावलेल्या दिव्यांचा करपट वास थेट त्याच्या टेबलापर्यंत यायचा. इतर मेकॅनिक आधी डॅशबोर्ड खोलतात आणि मग विचार करतात, असं तो चारचौघांत म्हणायचा. मेकॅनिकांना ते झोंबायचं, याचा त्याला मनापासून आनंद होता.

अशाच एका मंगळवारी अकराच्या सुमारास श्यामला तिची टॅक्सी घेऊन आली. निपाणीकडची, तिशीची, मनगटावर रबरी पट्ट्याचं घड्याळ.

"अण्णा, दोन गॅरेजं झाली. मोटर नवीन, रेझिस्टर नवीन. एसीचा ब्लोअर तीनपर्यंत झक्क चालतो बघा. चारवर नेला की बंद. नॉबच शून्यावर येतंय, आपोआप."

"आपोआप काही होत नसतं, अक्का."

"उद्या सकाळी व्हाइटफील्डला कंपनीची तपासणी आहे. चारवर एसी चालला नाही तर गाडी घेत नाहीत ते. आमच्या ह्यांची नोकरी सुटली. आता घर हिच्यावरच." बोलता बोलता तिनं बॉनेटवर हात ठेवला होता.

"उद्या गाडी लागेल कामाला. बसा तुम्ही ड्रायव्हरच्या जागेवर."

त्यानं आधी फ्यूज पाहिला. मोटरला बॅटरीवरून थेट करंट दिला, तर ती एका सुरात फिरली. म्हणजे भानगड नॉबच्या स्विचमध्ये. मग त्यानं डावीकडचं दार उघडलं, पाय बाहेर सोडले आणि करंट आला की पेटणारा टेस्टलॅम्प घेऊन पाठीवर डॅशबोर्डखाली शिरला. इथून त्याला वायरींशिवाय काही दिसत नसे. म्हणून गिऱ्हाइकानं नॉब फिरवायचा आणि त्यानं खालून आकडे पुकारायचे, तेही कन्नडमध्ये, ही त्याची जुनी पद्धत. वडीलही असेच पुकारायचे.

"ओंदु!"

वर खटका वाजला. दिवा मिणमिणला. खटक्याबरोबर काचेच्या बांगड्या किणकिणल्या.

"एरडु!"

खटका. बांगड्या. वारा वाढला.

"मूरु!"

खटका. त्याच्या छातीजवळच्या सीटचा स्पंज कुरकुरला. आपल्याला पाय लागू नये म्हणून कुणीतरी पाय वर घेऊन मांडी घातली, असं त्याला वाटलं. पोरगी संस्कारी आहे, असंही वाटलं. सुती कापडाचा काठ कोपराला चाटून गेला.

"नाल्कु!"

काहीच नाही.

"नाल्कु, अक्का! घाबरू नका, शॉक नाही बसत."

खटका वाजला, पण उलटा. तीन, दोन, एक, शून्य. वारा थांबला.

त्यानं पुन्हा पहिल्यापासून पुकारलं. तीनपर्यंत सगळं शहाण्यासारखं. चार म्हटलं की शून्य. वायरिंग शाबूत, स्विच शाबूत. फिरवणाऱ्याचीच इच्छा नव्हती. मानसिंग वैतागून बाहेर सरकला.

ड्रायव्हरची सीट रिकामी होती. डावीकडचीही.

श्यामला रस्त्यापलीकडून दोन कॉफीचे ग्लास सांभाळत येत होती. "तुम्ही आकडे म्हणत होता ना? मला वाटलं, स्वतःशीच मोजताय."

मानसिंगनं तिच्या मनगटांकडे पाहिलं. एकावर घड्याळ होतं. दुसरं मोकळं.

"गाडी कुणाची होती आधी?"

"काय माहीत. बँकेच्या लिलावात घेतली. का हो?"

"काही नाही."

तो कॉफी प्यायला. डोकं जागेवर होतं. वायर बोलत नाही, तरी तिचं दुखणं आपण ओळखतोच ना? मग इथं दुखणं काय? तीनपर्यंत चालतं. चारवर डावीकडच्या जाळीतून गार वारा थेट अंगावर येतो. कानात भरतो. त्याच्या आईचे कान एवढ्याशा वाऱ्यानं ठणकायचे, बसमध्ये ती पदर कानांवरून घ्यायची.

तो वाकला. डावीकडची जाळी त्यानं पूर्ण मिटली. मधल्या दोन्ही जाळ्यांची पातीही ड्रायव्हरच्या बाजूला वळवली.

मग पुन्हा पाठीवर, डॅशबोर्डखाली.

श्यामला बाहेर उभी होती. तिच्या चपला त्याला दारातून दिसत होत्या.

"नाल्कु," तो हळूच म्हणाला. आणि जरा थांबून, "आता नाही लागणार वारा, अम्मा."

बांगड्या वाजल्या.

एक, दोन, तीन खटके. नंतर चौथा. दिवा लख्ख पेटला.

गाडी पाऊण तास चारवर चालली. पैसे घेताना मानसिंग एवढंच म्हणाला, "डावीकडची जाळी उघडू नका. कुणी विचारलं तर म्हणा, मेकॅनिकनं सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"पास झाली, अण्णा! सोमवारपासून ड्यूटी!"

"होणारच," मानसिंग म्हणाला. त्याचा ऊर खरोखर भरून आला. "जाळी उघडली का कुणी?"

"त्या तपासणाऱ्यानं उघडली. डावीकडच्या खिडकीतून हात घालून वारा बघितला. मग लगेच आपणच बंद केली आणि सॉरी म्हणाला."

"तुम्हाला?"



"मी स्टेअरिंगवर होते. तो माझ्याकडं बघत नव्हता. पासचा कागद दिला आणि म्हणाला, अम्मांना बेल्ट लावायला सांगा."

"मग?"

"मी हात लांब करून डावीकडच्या रिकाम्या सीटचा बेल्ट ओढायला गेले, अण्णा. तो लावलेलाच होता."