न दिलेला हुंकार

मुळशीच्या दुपारच्या एसटीत हेमलताबाई मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन बसल्या होत्या आणि मनातल्या मनात नरहरीची सालटी काढत होत्या.

नरहरी म्हणजे त्यांच्या रेडिओ केंद्रावरचा नवा कार्यक्रम अधिकारी. हेमलताबाई तिथल्या जुन्या निवेदिका. 'अं', 'म्हणजे', 'तर काय' असली एकही पाचर त्यांच्या बोलण्यात कधी कुणाला सापडली नव्हती. खासगी एफएमवाली पोरं तेव्हा नुकतीच बोकाळली होती. 'ॲक्च्युअली' म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य पुढे सरकत नसे आणि ते ऐकून बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नव्या निवेदकांना बोलायला शिकवायचा वर्ग बाईंकडेच होता. तो वर्ग हा त्यांचा जीव की प्राण.

तोच नरहरीने काढून घेतला. कशावरून, तर गोजराबाईंच्या मुलाखतीवरून. धरणाकाठच्या वाडीतली ही म्हातारी आपल्या बुडालेल्या बहिणीची हकिकत सांगायची. ती बाईंनी टेप करून आणली होती. मुलाखत घेणाऱ्याने नुसती मान हलवायची, तोंडाने 'हं हं' करायचं नाही, हा तर बाईंच्या वर्गातला पहिला धडा. पण टेपवर म्हातारीच्या प्रत्येक वाक्यामागे एका बाईचा आवाज होता. हलका, ओलसर.

"हं."

मी तोंड उघडलं नव्हतं, असं त्यांनी परोपरीने सांगितलं. नरहरी गालातल्या गालात हसला. वय झालं की सवयी सुटतात म्हणाला, आणि वर उपकार केल्यासारखं, स्वच्छ टेप आणलीत तर वर्ग तुमचा, असंही म्हणाला. कालच्या पोराने आपल्याला खोटं ठरवावं! बाईंना रात्रभर झोप नव्हती.

वाडीत पोचल्या तेव्हा ऊन कलत होतं. पाणी हटलेल्या गाळाचा कुबट वास ओसरीपर्यंत येत होता. वारा पडला होता, पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. बाईंनी घडला प्रकार तणतणत सांगितला. गोजराबाईंना त्याचं काही नवल वाटलेलं दिसलं नाही.

"तुमी हुंकार दिला न्हाई न्हवं," त्या म्हणाल्या. "आमच्यात सांगनाऱ्याला हुंकार द्यावाच लागतो. जित्या मानसानं न्हाई दिला, तर जिची गोष्ट हाय ती देती."

"आमच्या कामात तसं चालत नाही, आजी."

"द्या की वं. हं म्हनायला काय जातंय?"

काय जातंय! सगळी अब्रू त्या एका 'हं'वर टांगली होती. बाईंनी पदराचा बोळा करून दातांत धरला, कानांना हेडफोन लावला आणि बटण दाबलं. आता बघू, कोण हुं करतंय ते.

गोजराबाई सांगू लागल्या. त्या वर्षी उन्हाळा लई होता, त्या म्हणाल्या.

"हं," हेडफोनमध्ये आलं.

बाईंनी झटकन मागे पाहिलं. ओसरी रिकामी होती. गोजराबाई मात्र बाईंच्या खांद्याशेजारी बघून बोलत होत्या, अगदी ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं. पाणी हटलं, धरणात गेलेल्या जुन्या घराचा उंबरा वर दिसाया लागला, त्या सांगत होत्या.

"हं."

आता आवाज अगदी कानाशी होता. गाळाचा वास दाटला. बाईंच्या काळजाचं पाणी झालं, पण त्याहून जास्त राग आला. दुसऱ्याच्या मुलाखतीत तोंड घालायचं म्हणजे काय! त्यांनी पदर आणखी घट्ट चावला.

"आमची शारदाआक्का उंबरा बघाया गाळात उतरली," गोजराबाई म्हणाल्या. "पुढं काय झालं त्ये कुनालाच ठावं न्हाई. ती घावलीच न्हाई..."

हकिकत संपली. नेहमी इथेच संपायची. बाईंनी बटणाकडे हात नेला.

"हं... मंग?"

कानात कुणीतरी विचारलं. टेप नुसती फिरत राहिली.

बाईंना सहन होईना. कोण आहे तिकडे, असं ठणकावून विचारायचं म्हणून त्यांनी तोंडातला पदर काढला. ओठ हलले. आवाज त्यांचाच होता, स्वच्छ, खणखणीत.

"मंग गाळानं पाय धरलं," बाई म्हणाल्या. "मी हाका मारत व्हते. तू काठावर व्हतीस, गोजरे. तोंडात पदर धरून हुबी व्हतीस."

त्यांनी हाताने तोंड दाबलं. हाताआडूनही शब्द येतच राहिले. हाताला ओला गाळ लागला.

गोजराबाई पुढे सरकल्या. त्यांनी बाईंचा दुसरा हात आपल्या हातात घेतला आणि अगदी हळू, ऐकणाऱ्याने द्यावा तसा, हुंकार दिला.

"हं... मंग, आक्का?"