टोस्टची लोकर

मी कॅलम गिल्क्रिस्टला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा माझे दोन्ही हात मनगटापर्यंत त्याच्या मेंढीत होते.

गोर गावाच्या पुढे खडीच्या रस्त्यावर ती मधोमध उभी होती. कुंपणातून निसटलेली, आणि चक्क काळी. वरून बर्फाळ भुरभुर चाललेली. मी सायकल टाकली, तिच्यापाशी उकिडवी बसले आणि केसांचा भांग पाडावा तशी तिची लोकर दुभंगून पाहिली. टोकं उन्हानं तांबूस झालेली, आत मुळाशी मात्र गडद कॉफीचा रंग. लांब, लाटालाटांची, चमकदार... मला बाकी काही दिसेनासंच झालं.

"विकत घ्यायचीय, की लग्न करायचंय तिच्याशी?"

आवाज मी लगेच ओळखला. गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होते मी. हा आवाज रोज सकाळी कानात यायचा, लोकर-दलालाचा नंबर मागायचा आणि वर आजचं हवामान मला विचारायचा. आवाजावरून मी माणूस ठेंगणा धरला होता. हा तर फाटकापेक्षा उंच, आणि हसला की कान लाल होणारा.

"आधी लोकर बघते," मी म्हटलं. "लग्नाचं मग."

माझा आवाज ऐकून त्याचेही डोळे चमकले. "म्हणजे तू रेविन. 'लाईन बिझी आहे, थांबा'वाली."

वर्षभरापूर्वी मी अशी रस्त्यात मेंढीला मिठी मारून बसले नसते. पण एका हिवाळ्यात आयव्हीमावशी मला चर्चच्या हॉलमध्ये तिच्या सूतकताई मंडळात ओढून घेऊन गेली. आयव्हीमावशी म्हणजे आमच्या शेजारची, अख्ख्या गल्लीला विणायला शिकवणारी. तिनं मला पायचरख्यावर बसवलं आणि झालं, मला नाद लागला. माझं पहिलं सूत कुठे दोरखंड तर कुठे नुसता केस. पण पिंजलेल्या लोकरीचा पेळू बोटांतून सरकत त्याचा धागा होताना जे वाटलं ते आजवर मला कुणाला नीट सांगता आलेलं नाही. काटेरी तारांवर अडकलेले लोकरीचे पुंजके मी खिशात भरू लागले. आमच्या टबात सदा कुठल्यातरी मेंढीची लोकर भिजत पडलेली असे, आणि आई विचारायची की या घरात माणसांनी आंघोळ कुठे करायची ते एकदा सांगून टाक.

आता गावाभोवतीच्या टेकड्यांवर दुभत्या गायी चरतात आणि एक्स्चेंजच्या जागी कसलंसं ऑफिस आहे. तेव्हा सगळं पांढरं होतं. मेंढ्याच मेंढ्या.

कॅलमनं त्या दिवशी मला सांगितलं ते असं. गिल्क्रिस्टांचा कळप आजोबांपासूनचा, जातिवंत, पांढराशुभ्र. दर फेब्रुवारीत त्यांच्या एडक्यांचा लिलाव व्हायचा आणि लांबलांबचे लोक बोली लावायला यायचे. अशा कळपात काळं कोकरू निघालं म्हणजे रक्तात खोट आहे असा अर्थ. म्हणून ते जन्मताच गुपचूप संपवायचे. ही एक मात्र कॅलमनं कोटात घालून पळवली होती, बाटलीनं वाढवली आणि पाइनच्या झाडांमागच्या घळीत ठेवली होती. वडिलांना ठाऊक होतं. कुणी बोलत नाही तोवर ती नव्हतीच, असा त्यांचा न्याय. करपल्यासारखी दिसते म्हणून नाव टोस्ट.

"लोकर तुला देतो," तो म्हणाला. "कुठली ते मात्र सांगायचं नाही."

मी हो म्हटलं. त्या लोकरीसाठी मी काहीही कबूल केलं असतं.

त्या उन्हाळ्यात टोस्टची कातरणी झाली आणि पुढचा अख्खा हिवाळा मी ती पिंजली, कातली, पीळ दिला. पाइनमागे लोकर कातरणाऱ्या मजुरांची एक जुनी खोली होती, दर रविवारी मी तिथे जायची. पत्र्यावर पाऊस वाजायचा. कॅलम किटली ठेवायचा आणि माझ्यासमोर दोन्ही हात पुढे करून बसायचा. मी त्याच्या मनगटांत सुताची लड अडकवायची आणि गुंडा करत जायची.

"आता पळता यायचं नाही तुला."

"पळतंय कोण..." तो म्हणायचा, आणि मग एकटक बघायचा. माझा गुंडा हमखास खाली पडायचा. तो उचलायला दोघंही वाकायचो, त्याचे हात बांधलेले, आणि उठायला आम्हाला जरा जास्तच वेळ लागायचा.

माप घेतल्यावाचून त्याचा स्वेटर मी विणला. इतक्या रविवारांनंतर त्याची छाती मला पाठ होती. आयव्हीमावशीनं मला बजावलं होतं की अंगठी मिळायच्या आत गड्यासाठी स्वेटर विणू नकोस, अंगात घालून पसार होतात. मी हसण्यावारी नेलं. जानेवारीच्या अखेरीस, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, स्वेटर पुरा झाला. त्यानं घातला, बाह्यांवरून हात फिरवला. मग निघायची वेळ झाली तशी उतरवला, नीट घडी घातली आणि फळीवर ठेवला.

"घालून चल की," मी म्हटलं. "गावच्या नाचाला हाच घाल."

"असा रंग दुकानात मिळत नाही, रेविन. लोक विचारतील कुठल्या मेंढीचा... लिलाव होऊन जाऊ दे."

गेल्या वर्षीही हेच ऐकलं होतं. लिलाव झाला की बाबांना आपल्याबद्दल सांगतो, लिलाव झाला की गावात सोबत फिरू, तोवर तुझ्या काळ्या सुतावरून कुणी टोस्टपर्यंत पोचायला नको. आता एक्स्चेंज आपोआप चालणारं होणार होतं आणि मला ड्युनेडिनची नोकरी देऊ केली होती. मला ते मोठं शहर नको होतं. हाच हवा होता, इथेच.

"टोस्टला पाइनमागे ठेवलंस," मी म्हटलं, "तसंच मलाही ठेवलंयस. ती मेंढी आहे, तिला चालतं. मला नाही चालत. पुढच्या सोमवारी मी ड्युनेडिनला होकार कळवणार."

 मी सायकल काढली आणि घरापर्यंत रडत गेले.

लिलाव त्याच आठवड्यात शनिवारी होता. मंडळाच्या बायकांकडे दरसालप्रमाणे चहापाणी होतं, म्हणून मला जावंच लागलं. असलं ऊन आमच्या या थंड साउथलंडमध्ये क्वचित पडतं. पुरुषांनी बाह्या दुमडल्या होत्या आणि एडके धापा टाकत होते. मी स्कोनवर, त्या छोट्या गोल पावांवर, लोणी लावत होते. तेवढ्यात आयव्हीमावशीनं मला कोपरानं ढोसलं.

लोकरीच्या शेडमधून कॅलम येत होता. गळ्यापर्यंत काळा स्वेटर घालून.

तो सरळ बोली लावणाऱ्यांच्या मधोमध जाऊन उभा राहिला. मोठे गिल्क्रिस्ट, त्याचे वडील, पलीकडे कठड्याला धरून होते. त्यांनी एकदा पाहिलं आणि नजर वळवली. बाल्फर गावाकडच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं विचारलंच, की पोरा, ही लोकर कुणाकडची?

"आमचीच," कॅलम म्हणाला. आवाज कापत होता, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतका मोठा होता. "आमच्या कळपातली आहे ती मेंढी. टोस्ट. लोकर कातली आणि विणली रेविननं. ती तिकडे, चहापाशी. ती हो म्हणाली तर लग्न करणार आहे मी तिच्याशी. अजून विचारलेलं नाही."

 बाल्फरवाल्यानं हातातली यादी घडी करून खिशात टाकली आणि तो गाडीकडे चालू लागला. त्याच्यामागे आणखी एक गेला.

मोठे गिल्क्रिस्ट माझ्या टेबलाशी आले. आता हा माणूस मला हाकलून देणार, असंच मला वाटलं. 

"त्याला तो काढायला सांग," ते म्हणाले. "घेरी येऊन पडेल. माझं ऐकत नाहीये." आणि कप पुढे केला.

मी त्यांचा कप भरला आणि कॅलमकडे गेले. सगळं गाव बघत होतं. जाता जाता मी ठरवलं होतं की याला चांगला ताटकळत ठेवायचा. इतके महिने मी थांबले, आता त्याची पाळी. पण जवळ गेले तर त्याच्या भुवयांवरून घाम टपटपत होता, कान लालबुंद झाले होते, आणि इतका घाबरलेला मी त्याला कधीच पाहिला नव्हता.

"हो," मी म्हटलं. "आता काढ तो."

त्यानं काढला नाही. शेवटचा एडका विकला जाईपर्यंत तो तसाच उन्हात उभा राहिला.